पंधरा मेंढ्यांसाठी जावई शोधताना

या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना माहीत आहे की मी गड-किल्ल्यांवर लिहिते. साल्हेरला जाताना किती पाणी न्यावं, हरिहरच्या पायऱ्या उतरताना तोंड कुणीकडे करावं, असलं काहीबाही. त्यामुळे यंदा चैत्रात मी दवाखान्याला दोन दिवस सुट्टी देऊन मेंढा बघायला गेले, हे कळल्यावर ट्रेकच्या ग्रुपवर जो काही हशा झाला तो आजतागायत चालू आहे. हसा बापड्यांनो. पण आजवर केलेल्या सगळ्या भटकंतीत मला सगळ्यात जास्त काय आठवतं असं कोणी विचारलं, तर मी हे दोन दिवस सांगेन. आता मार्गशीर्ष लागलाय, निकालही हातात आलाय, तेव्हा सविस्तर लिहायला हरकत नाही.

तर आधी घरचा मामला. मी नाशिकला दातांची डॉक्टर. सासर येवल्याच्या पुढे, कांद्याच्या पट्ट्यात. सासऱ्यांच्या वडिलांपर्यंत हे घर मेंढ्या घेऊन मुलूख हिंडायचं. सासऱ्यांनी विहीर खणली, कांदा लावला, पक्कं घर बांधलं, पण मेंढ्या काही सोडल्या नाहीत. ते जाऊन चार वर्षं झाली. आता त्या घरात पंधरा मेंढ्या, राजा नावाचा एक मेंढा आणि माझ्या सासूबाई राहतात. मी त्यांना आत्या म्हणते. सत्तरीला आल्यात, गुडघे कुरकुर करतात, पण सकाळी मेंढ्या रानात नेल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.

गेल्या हंगामात आत्यांकडे चौदा कोकरं झाली आणि त्यातली सहा आठवड्याभरातच गेली. उरली तीही हडकुळी. जनावरांच्या डॉक्टरांनी कळपावरून नजर फिरवली आणि विचारलं, "मेंढा किती वर्षं हाच आहे?" सहा. म्हणजे निम्म्या मेंढ्या राजाच्या मुली, चार-दोन नाती, आणि त्यांना मेंढा पुन्हा राजाच. गावातल्या कोणाचंही लग्न जमवताना आधी देवक विचारणाऱ्या आमच्या आत्यांनी स्वतःच्या दारात हे चालवून घेतलं होतं. कारण राजा सासऱ्यांनी निवडलेला शेवटचा मेंढा. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणीच बोलत नव्हतं.

माझा नवरा माधव बोलला, पण दुसरंच. "आई, आता विकून टाक सगळं आणि नाशिकला चल. खोली तयार आहे." खोली खरंच तयार होती. नवा पलंग, न्हाणीघरात धरायला दांडे, खिडकीला पडदे. खोटं कशाला बोलू, पडदे मीच निवडले होते, आणि माझंही मत त्याच्याच बाजूला होतं.

आत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एक साल द्या मला. नवा मेंढा आणते. कोकरं जगली तर मी हितंच राहीन. नाय जगली तर मुकाट्यानं तुमच्या मागं येईन."

सौदा ठरला. मेंढा आषाढात कळपात सोडायचा, पण त्याआधी त्याला इथलं पाणी आणि इथलं रान अंगी लागायला हवं, म्हणून चैत्रातच आणायचा. माधवने दोन दिवस मेंढ्या सांभाळायच्या आणि आत्यांबरोबर मी जायचं. हा वाटपाचा निर्णय आत्यांचाच. "त्याला काय कळतंय? ही निदान दिवसभर तोंडं तरी बघती."

पहिला दिवस: येवला, मनमाड, मालेगाव, चांदवड

गाडी रंगनाथ भाऊजींची. हे माधवचे चुलतभाऊ. त्यांची पिकअप एरवी कांदा वाहते, त्यामुळे ती कितीही धुतली तरी डोळ्यांत पाणी येतंच. मागच्या हौद्यात त्यांनी आधी वाळू टाकली, वर बाजरीचं सरमाड, म्हणजे वाळकी धाटं, अंथरलं. कोणी जनावर आणायला जाणार असाल तर ही वाळू विसरू नका. नुसत्या पत्र्यावर खूर सरकतात आणि घाटात जनावर पडतं.

सकाळी सहाला निघालो. येवल्यात पैठणीच्या दुकानांची शटरं अजून खाली होती. भाऊजी म्हणाले, "वहिनी, जावई बघायला चाललो ना आपण? मग नवरीकडनं आहेर घेऊन ठेवायचा का?" पंधरा पैठण्यांचा हिशेब परवडणारा नव्हता. मनमाडपर्यंत रस्ता बरा आहे. मनमाडात शिरलं की टँकर आणि मालट्रकच्या मागे रांगत जायचं, तिथला अर्धा तास धरूनच चाला. पुढे मालेगावपर्यंत गाडी पळते.

गुरांच्या बाजारात पोचलो तेव्हा उन्हं नुकती चढत होती. धूळ, लेंड्या, हातरुमालाखाली बोटं दाबून चाललेले भाव, आणि सगळे पुरुष. त्यात नऊवारीतल्या आत्या अशा चालत होत्या की जणू घरच्या लग्नात पाहुण्यांची पंगत बघतायत. प्रत्येक विक्रेत्याला त्यांचा एकच प्रश्न. "याची आई कुठाय?"

एक व्यापारी वैतागला. "मावशी, मटनाला आई कशाला लागती?"

"मला मटन नको," आत्या म्हणाल्या. "मला जावई पायजे."

आजूबाजूची दहा माणसं हसली आणि आम्हाला वाट मिळाली. शेजारी उभ्या असलेल्या बागलाणकडच्या एका शेतकऱ्याने आपणहून एक मेंढा दाखवला. "यो दखा माय, भारी शे." मेंढा खरंच भारी होता. आत्या त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या आणि मला म्हणाल्या, "तू दात बघ."

आता हा माझा प्रांत. मी ऐटीत पुढे झाले, ओठ वर केला आणि हबकले. "आत्या, याचे वरचे समोरचे सगळे दात पडलेत!"

शेतकऱ्याने आधी माझ्याकडे बघितलं, नंतर मेंढ्याकडे. मग तो शेतकरी खाली बसून हसायला लागला. व्यापारी हसला, चहावाला हसला, भाऊजी तर पिकअपकडे तोंड करून हसत राहिले. मेंढीच्या जातीला वरचे समोरचे दात नसतातच. तिथे नुसती कडक हिरडी असते आणि खालचे दात त्यावर टेकतात. पाच वर्षांचं शिक्षण, सोळा वर्षांचा दवाखाना, आणि हे मला मालेगावच्या बाजारात कळलं.

आत्या मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माझं बोट धरून मेंढ्याच्या तोंडात घातलं आणि शिकवलं. खाली आठ दात. मोठे दोन आले की दीड वर्षाचा, चार आले की दोनाच्या पुढे. आपल्याला दोन किंवा चार दाती हवा. मग पाठ सरळ हवी, चारही खूर सारखे, चालताना मागचे पाय एकमेकांत अडकायला नकोत. आणि मग त्या वाकल्या, मागून हात घालून बघितलं आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "दोन्ही सारखी पायजेत, घट्ट पायजेत, आन् गाठ नको. बघ हात लावून." भर बाजारात, चाळीस माणसांदेखत, मी हात लावून बघितलं. दोन्ही सारखी होती.

तरी तो मेंढा घेतला नाही. आई दिसली नाही ना. आई दुधाची होती का, जुळं देणारी होती का, हे बाजारात कोण सांगणार? निघताना मी त्या शेतकऱ्याला गुळाची जिलेबी दिली. माझ्यामुळे त्याची इतकी करमणूक झाली होती की त्यानेच आम्हाला द्यायला हवी होती.

दुपारी राहुड घाट ओलांडून चांदवडकडे आलो. घाटाच्या अलीकडे एका ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. तिखट आहे, सांगून ठेवते, आणि बायकांसाठी स्वच्छतागृह चांगलं आहे, हेही. चांदवडच्या आत दोन कोसांवर एका तरुण शेतकऱ्याकडे सुलतान नावाचा मेंढा होता. त्याचा व्हिडिओ भाऊजींच्या फोनवर आला होता. पत्र्याची शेड, पंखा, पाण्याचे नळ, आणि मध्ये सुलतान. तांबडा-पांढरा, नाक पोपटासारखं, गळ्यात घुंगरांचा पट्टा. शेतकऱ्याच्या घरच्यांनी चक्क पोहे आणले. बघण्याचा कार्यक्रमच तो.

आई दाखवली, चांगली होती. पाठ, खूर, मागचं सगळं पसंत. आत्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मी या वेळी तोंड उघडताना दहादा विचार केला. पण आता मला माहीत होतं की खालचे दात हिरडीवर टेकायला हवेत, आणि सुलतानचे टेकत नव्हते. खालचा जबडा आखूड, दात नखभर मागे. असे जबडे मी रोज बघते, आणि बापाचा जबडा पोराला कसा येतो तेही रोज बघते.

मी हळूच आत्यांना सांगितलं. त्यांनी बोट घालून बघितलं आणि मालकाला विचारलं, "रानात चरायला जातो का?"

"नाय आजी, चारा बारीक कापून कुट्टी करून घालतो. हातातोंडाशी देतो त्याला."

"माझ्याकडं कुट्टी नाय रं बाबा. बोडक्या रानात खुरटं गवत तोडून खायचंय त्याला आन् त्याच्या पोरांना."

तो बिचारा खरंच हिरमुसला. त्याच्या मनात काही लपवाछपवी नव्हती, त्याला ते दिसलंच नव्हतं. आम्ही गाडीत बसलो तेव्हा तो खिडकीशी आला आणि मला म्हणाला, "डॉक्टरीणबाई, याला तार-बीर बसवता येती का?" मी नाही म्हणाले, पण दिवसभरात पहिल्यांदाच मला माझं शिक्षण वाया गेलं नाही असं वाटलं.

मुक्काम चांदवडला लॉजवर. आत्या आयुष्यात पहिल्यांदा लॉजवर राहिल्या. रेणुकामातेचं दर्शन घेतलं, खोलीवर आलो, आणि त्या पलंगावर न झोपता खाली सतरंजी टाकून पडल्या. दिवा मालवल्यावर म्हणाल्या, "तुझे सासरे आठ-आठ दिवस हिंडायचे मेंढ्यासाठी. मला कधी नेलं नाय. आणला की मी हळद लावायची, बास." मग थोड्या वेळाने, "मला जमंल ना गं?" मी हो म्हणाले. खरं तर मला अजिबात खात्री नव्हती, आणि नाशिकच्या खोलीतले ते पडदे उगाच डोळ्यांपुढे येत राहिले.

दुसरा दिवस: पिंपळगावचं रान

सकाळी हायवेने पिंपळगाव बसवंत गाठलं. द्राक्षाचा हंगाम सरत आला होता, तरी रस्त्याच्या कडेला क्रेट मांडलेले होतेच. निर्यातीच्या पॅकहाउसमध्ये जे नाकारलं जातं ते इथे निम्म्या भावात मिळतं आणि खायला तितकंच गोड असतं, दोन किलो घ्याच. तिथल्याच एका चहावाल्याने सांगितलं की आत एका काढलेल्या कांद्याच्या रानात मेंढपाळांचा वाडा बसलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वाडा म्हणजे भिंतींचा नव्हे. दोन-चार घोडी, जाळीचं कुंपण, कुत्री, टोपल्यातली कोंबडी, आणि शे-दोनशे मेंढ्या घेऊन फिरणारं बिऱ्हाड. पीक निघालं की शेतकरी त्यांना आपल्या रानात मुक्कामाला बसवतात, म्हणजे रानाला खत मिळतं.

वाडा धुळाजी आणि त्यांची बायको ठकूबाई यांचा. धुळाजी बोलायला बेताचे. सगळा कारभार ठकूबाईंचा, कमरेला चंची, डोक्यावर पदर, आणि आवाज असा की शेजारच्या शिवारातली मेंढी वळावी. त्यांनी आधी चहा दिला, मेंढीच्या दुधाचा. इतका दाट की पेला उपडा केला तर विचार करून खाली येईल. आत्यांनी एका घोटात कोणत्या गावचे, कोणाचे, कोणत्या रानात उन्हाळा काढता, सगळं विचारून घेतलं. त्यांच्या सासरची माणसंही एके काळी अशीच फिरायची, तेव्हा दोघींचं जमायला वेळ लागला नाही.

"मेंढा द्यायचाय का?" आत्यांनी शेवटी विचारलं.

"दोन हायेत. बघा आन् बोला," ठकूबाई म्हणाल्या.

पहिला मेंढा पुढे आला आणि आत्या उठून उभ्याच राहिल्या. गोरापान म्हणावा असा पिवळसर पांढरा, छाती रुंद, मान उचलून उभा. पुढचा उजवा पाय जरा पुढे टाकायची लकबही तीच. माझ्या तोंडून निघालंच, "अगं बाई, हा तर राजा!" चार दाती, जबडा बरोबर टेकलेला (मी दोनदा बघितला), पाठ, खूर, सगळं जिथल्या तिथे. आई समोरच चरत होती, कास भरलेली. आत्या त्याच्याशी बोलायला लागल्या. घरी राजाला खाजवतात तशा त्याच्या डाव्या कानामागे खाजवायला लागल्या. भाऊजी मला कुजबुजले, "झालं, ठरलं. दुपारच्या जेवणाला घरी."

मी फोटो काढत होते म्हणून मला दिसलं. आत्यांची बोटं कानावर थांबली. त्यांनी कान उलटा केला, बघितला, आणि पुन्हा सरळ केला. डाव्या कानाला खालून दोन काप होते. प्रत्येक वाड्याची कानावर कापायची आपली खूण असते, इतकं मला ठाऊक होतं. आणि राजाच्या डाव्या कानालाही खालून दोन काप आहेत, हेही मला ठाऊक होतं, कारण त्याचा कान धरूनच आत्यांनी आदल्या सकाळी मला फोटो काढू दिला होता.

बाकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आत्यांचा हात अजून मेंढ्याच्या मानेवर होता. त्या बोलल्या नसत्या तर तो मेंढा तासाभरात आमच्या गाडीत असता, आणि घरी जाऊन त्यांना पुन्हा एक राजा मिळाला असता. मला वाटतं ती दोन मिनिटं या सगळ्या प्रवासातली सगळ्यात लांब होती. मी तोंड उघडावं का, हेही मला कळेना.

मग आत्यांनीच विचारलं, "ठकूबाई, तुमच्या बाकीच्या मेंढ्यांच्या उजव्या कानाला एक काप दिसतो. याच्या डाव्याला दोन कसे?"

ठकूबाई कौतुकाने हसल्या. "याची आई माझ्या माहेरची. सात सालामागं बापानं पाच मेंढ्या आंदण दिल्या, त्यातली ती एक. त्यांच्या पिल्लांना मी माहेरचीच खूण करते. मालकाला विचारा, लय भांडलेय त्यापायी."

धुळाजींनी मान हलवली.

"माहेर कोणतं?"

ठकूबाईंनी नांदगावकडच्या एका गावाचं नाव सांगितलं. सासऱ्यांनी सहा वर्षांपूर्वी राजा तिथूनच आणला होता, ठकूबाईंच्या वडिलांच्या वाड्यातून. साल जुळलं, सासऱ्यांनी सांगितलेलं राजाच्या आईचं वर्णन जुळलं. समोर चरणारी ती मेंढी राजाची सख्खी बहीण निघाली. म्हणजे हा राजाचा भाचा. आणि आमच्या घरच्या निम्म्या मेंढ्या राजाच्या मुली.

"मग काय झालं?" ठकूबाई म्हणाल्या. "मामाची पोरगी चालती की आपल्यात!"

"माणसांत चालती," आत्या म्हणाल्या. "माझी सहा कोकरं गेली, बाई."

ठकूबाईंचं हसू थांबलं. त्यांनी पुढे येऊन आत्यांचा हात धरला. मेंढ्या राखणाऱ्या बाईला यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही. आत्या त्या मेंढ्यापासून दूर झाल्या आणि एका दगडावर बसल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चार बाजार हिंडले तरी मला तोच दिसणार गं. माझ्या डोळ्याला सवयच तशी लागली. मला आवडलेला नको आता. मेंढ्यांना लागतो तो बघू."

मला रडू आलं, लपवत नाही. भाऊजी उगाचच टायरमधली हवा बघायला गेले.

दुसरा मेंढा ठकूबाईंनी आधी पुढे आणलाही नव्हता, यावरून समजून घ्या. उंचीला बेताचा, तोंड काळं, लोकर विस्कटलेली, आणि धरायला गेलं की ढुशी मारणारा. दोन दाती. उजव्या कानाला एक काप. त्याची आई त्याच्यासारखीच काळतोंडी, तिच्याजवळ त्या दिवशी दोन कोकरं पीत होती, आणि हाही जुळ्यातलाच. आत्यांनी तिची कास चाचपली, दूध काढून तळहातावर बघितलं. मग मेंढ्याला अर्धा तास नुसता चरताना बघितला. तो कांद्याच्या वाळक्या रानात बोटभर उगवलेलं गवत खरवडून खात होता, मान वर न करता. मी तोंड बघितलं. जबडा असा टेकलेला की माझ्या पेशंटांना दाखवावा.

"हाच," आत्या म्हणाल्या. आवाजात आनंद नव्हता, पण डगमगही नव्हती.

किंमत किती ते लिहायला आत्यांनी मनाई केली आहे, गावात चर्चा होते म्हणून. वीस हजारांच्या आतबाहेर तयारी ठेवा, इतकंच सांगते. लसी कोणत्या झाल्यात ते विचारून घ्या, आणि घरी नेल्यावर पंधरा दिवस तरी कळपापासून वेगळा बांधा.

आता फजिती ऐका. व्यवहार झाला, ठकूबाईंनी मेंढ्याच्या कपाळाला हळद लावली, आणि त्याच्या गळ्यातलं दावं सोडून स्वतःच्या कमरेला खोचलं. जनावर विकलं तरी त्याच्याबरोबर दावं देत नाहीत, घरची लक्ष्मी दाव्याबरोबर जाते म्हणून. घेणाऱ्याने आपलं न्यायचं असतं. आत्यांना हे जन्मापासून ठाऊक, पण दावं सोबत घ्यायचं काम नेहमी सासऱ्यांचं. आम्ही वाळू आणली, सरमाड आणलं, द्राक्षं घेतली, आणि दावंच नव्हतं. मेंढा मोकळा, आणि सुटायच्या तयारीत. मी पळत जाऊन माझी ट्रेकची सॅक उपसली. त्यात केशरी रंगाचा दोर होता, कड्यावर वापरायचा, माझा फार लाडका. तोच गळ्यात बांधला. काळतोंड्या, विस्कटलेला, आणि गळ्यात झगझगीत केशरी दोर. ठकूबाई म्हणाल्या, "पाव्हणा आता कुठं नवरदेव दिसू ऱ्हायला." तेच नाव पडलं. पाव्हणा.

वाड्यावर बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी खाऊन, ऊन कलल्यावर निघालो. भर दुपारी जनावर हलवू नका. लासलगावच्या रस्त्याने विंचूर, तिथून येवला. आत्या पुढे बसल्याच नाहीत. मागे हौद्यात, सरमाडावर, पाव्हण्याशेजारी बसून आल्या. गुडघ्यांचं नाव नाही.

घरी

माधव फाटकातच उभा होता. दोन दिवसांत दोन मेंढ्या हरवून पुन्हा शोधून आणल्या होत्या त्याने, आणि त्याच्या बुटांची दशा सांगण्यासारखी नव्हती. पाव्हण्याकडे बघून तो म्हणाला, "दोन दिवस फिरून हा?" आत्यांनी हळदीची वाटी आणली आणि या वेळी स्वतः आणलेल्या मेंढ्याला हळद लावली.

राजाचं काय करायचं, हा प्रश्न होताच. माधव म्हणाला, आता विकून टाकू, उगाच चारा खाणार. आत्या लिंबाखाली राजासाठी वेगळा खुंटा ठोकत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "म्हातारा झाला म्हणून त्याला राहत्या घरातून काढायचं व्हय?" माधवने वाकून खुंटा धरला. मी राजाला घेऊन आले. राजा अजून त्या लिंबाखाली असतो आणि सकाळ-संध्याकाळ त्याला कानामागे खाजवून मिळतं.

पाव्हणा आषाढात सोडला. मार्गशीर्ष लागता लागता मेंढ्या व्यायला लागल्या. पंधरा मेंढ्यांची अठरा कोकरं झाली. एक गेलं. सतरा आहेत, आणि त्यातली निम्मी काळतोंडी आहेत. माधवने गेल्या आठवड्यात नाशिकच्या त्या खोलीतला पलंग भिंतीला सरकवला आणि तिथे माझी सायकल आणून ठेवली. पडदे तेवढे राहिलेत. आत्या सुट्टीला येतात तेव्हा त्यांना आवडतात म्हणे.

परवा कोकरांच्या कानाला खूण करायला मी गेले होते. आत्यांनी कोकरं धरली आणि कातर माझ्या हातात दिली. पाव्हण्याच्या पिल्लांना उजव्या कानाला एक काप, म्हणजे कोण कोणाचं ते पुढे कळेल. सतराही कान नीट झाले. काम उरकल्यावर मी खुंटीवरचा माझा केशरी दोर काढायला गेले. पुढच्या रविवारी ट्रेक होता.

"तो राहू दे," आत्या म्हणाल्या. "मी दुसरा घ्यायला पैसे देते तुला."

"अहो, पण तो माझा लाडका आहे."

"म्हणून तर. चार-पाच सालानं हा पाव्हणाबी बदलावा लागंल. तेव्हा तू जाशील बघायला. या खेपेसारखं दावं विसरू नको."

"मी? एकटी?"

"मग? मी कायम पुरणाराय व्हय तुम्हाला?" असं म्हणून त्यांनी सतरावं कोकरू खाली सोडलं. ते आईकडे पळालं, आणि मी दोर परत खुंटीला अडकवला.